रिकामा जॅक

"माझ्याकडे तर नीट वाजतो," लेक म्हणाली आणि पुन्हा मान खाली घालून गिटारची खुंटी पिळायला लागली. विषय गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या खोक्याचा, म्हणजे माझ्या अ‍ॅम्पचा होता. शनिवारी तिच्या कॉलेजच्या बँडची प्रॅक्टिस असते, तेव्हा अ‍ॅम्प ती नेते. रविवारी सकाळी आम्हा तिघा पन्नाशीतल्या मित्रांची बैठक असते, तेव्हा तो माझ्या ताब्यात. गेले तीन रविवार तो मधेच दगा देत होता, आणि मी तिला विचारलं होतं, "काल नेमकं काय केलंस याला?" विचारलं म्हणायचं इतकंच. गुन्हा शाबित होऊन शिक्षाही मनात ठरलेली होती, फक्त कबुलीजबाब बाकी होता. तो देण्याऐवजी तिने हे चार शब्द टाकले. मी काहीतरी पुटपुटून बाहेर आलो, पण ते वाक्य चपलेत अडकलेल्या खड्यासारखं पायाखाली टोचत राहिलं.

दगा म्हणजे काय, तर एका मित्राच्या कोथरूडच्या इमारतीत तळमजल्यावर एक स्कूटर ठेवायची खोली आहे, तिथे आम्ही वाजवतो. गाणं रंगात आलेलं असतं, ड्रम्सवाला डोळे मिटून बसलेला असतो, आणि अचानक माझा आवाज बसतो. बंद पडत नाही, बसतो. कुणीतरी स्पीकरवर जाड गोधडी टाकावी तसा. वरचं तेज जातं, पोट जातं, मागे उरतो ट्रान्झिस्टरवरच्या दूरच्या स्टेशनासारखा फुसका सूर. मग मी चिडून खालची जाड तार जोरात हाणली की खर्र होऊन आवाज परत यायचा, दहा मिनिटं टिकायचा, पुन्हा बसायचा. कधी अ‍ॅम्पच्या डोक्यात बुक्की घातली की यायचा. आमच्या पिढीने ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही असेच सुधारले, त्यामुळे हाताला सवय होती.

मग सुरू झाली ती आरोपांची साखळी. आधी केबल. बासवाल्याने दिलेली केबल होती, म्हणून बासवाला दोषी. नवी केबल आणली, आवाज तसाच बसला. मग गिटारचा जॅक. मग व्हॉल्व्ह, आतली तापून उजळणारी काचेची नळी. व्हॉल्व्हवर संशय घ्यायला मला मनापासून आवडतं, कारण त्याचा प्रकाश दिसतो. आमच्या लहानपणी घरात व्हॉल्व्हचा रेडिओ होता. बटण फिरवलं की लगेच काही व्हायचं नाही, अर्धा मिनिट सगळे शांत उभे राहायचे, मग आतून नारिंगी उजेड आणि तापलेल्या धुळीचा वास येई आणि बातम्या कुठल्याशा खोल विहिरीतून वर आल्यासारख्या येत. तोच वास माझ्या अ‍ॅम्पला येतो. खरं सांगायचं तर निम्मे पैसे मी त्या वासाचेच मोजले होते. तर एकामागून एक 12एएक्स7 जातीचे व्हॉल्व्ह बदलून पाहिले. एक नवीन, एक मित्राचा उसना, एक जागेची अदलाबदल करून. खिसा हलका झाला, बिघाड जिथल्या तिथे.

आणि प्रत्येक वेळी आधीच्या शनिवारी अ‍ॅम्प लेकीकडे होता. तिच्याकडून आला की बिघडलेला. यापेक्षा सरळ पुरावा काय हवा?

ती तिचं डिलेचं, म्हणजे प्रतिध्वनी देणारं, पेडल अ‍ॅम्पच्या पाठीमागे लावते. मी माझी एक केबल पुढून लावतो आणि मोकळा होतो. हा आमच्यातला जुना वाद आहे. अ‍ॅम्पच्या पाठीमागे 'सेंड' आणि 'रिटर्न' अशी दोन भोकं असतात, त्याला इफेक्ट्स लूप म्हणतात. अ‍ॅम्पचे आत खरं तर दोन तुकडे असतात. पहिला प्रीअ‍ॅम्प. गिटारचा चिमुकला सिग्नल घ्यायचा, त्याला रंगरूप द्यायचं, हवी तेवढी करकर आणायची. दुसरा पॉवर अ‍ॅम्प, तो त्यात ताकद भरून स्पीकर हलवतो. लूप या दोघांच्या मधे असतो. सेंडमधून सिग्नल बाहेर काढायचा, पेडलमधून फिरवायचा, रिटर्नमधून आत घ्यायचा. प्रतिध्वनी द्यायचा तो करकर चढवल्यानंतर, आधी दिला तर सगळ्या प्रतिध्वनींची मिळून करकरीत खिचडी होते. बायको स्वयंपाकघरातून ऐकत होती, ती म्हणाली, "म्हणजे कोथिंबीर आमटी उकळल्यावर घालायची." लेक म्हणाली, "एक्झॅक्टली." मी म्हटलं, मला कोथिंबीर नको, मला साधं वरण आवडतं. त्या दिवसापासून लूपला मी हात लावला नव्हता. अ‍ॅम्प घेऊन साडेतीन वर्षं झाली, माझ्या हातून त्या दोन भोकांत एकदाही काही गेलं नव्हतं.

जुलैतली एक रात्र. पावसाची रिपरिप, भिंतींना ओल, कपाटातल्या चपलांना बुरशी, आणि झोप येत नव्हती. घरचे झोपलेले. आवाज अगदी बारीक ठेवून मी वाजवत बसलो आणि नेमका तो बसला. असल्या बिघाडाचा स्वभाव दाढदुखीसारखा असतो, डॉक्टरच्या खुर्चीत बसलं की थांबते. त्यामुळे तो समोर हजर आहे तोवर पकडायचा. मी हलकेच उठलो. बुक्की नाही, धक्का नाही. गिटारची केबल पुढच्या जॅकमधून काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा मागच्या रिटर्नमध्ये खुपसली. आवाज आला. लहान आला, कारण मधला प्रीअ‍ॅम्प वगळलेला, पण स्वच्छ, सपाट, न डगमगणारा. म्हणजे पॉवर अ‍ॅम्प आणि स्पीकर ठणठणीत. मग गिटार पुन्हा पुढे लावली आणि सेंडमधून केबल काढून लेकीच्या सरावाच्या छोट्या अ‍ॅम्पमध्ये घातली. तिथेही भरघोस आवाज. प्रीअ‍ॅम्पही ठणठणीत, म्हणजे मी बदललेले सगळे व्हॉल्व्हही निर्दोष. दोन्ही तुकडे धडधाकट, आणि एकत्र जोडले की मुके. असं एखाद्या घरातल्या दोन भावांचं असतं तसं.

मग लेकीच्या पेटीतली वीतभर पॅच केबल घेतली. एक टोक सेंडमध्ये, दुसरं रिटर्नमध्ये. पेडल नाही, काही नाही, नुसता तारेचा तुकडा.

आवाज परत आला. पूर्ण. पोटासकट.

रात्री दोनला मी जमिनीवर बसून त्या वीतभर काळ्या तारेकडे बघत होतो. ती काढली की आवाज बसे, लावली की उठे. काढली, बसला. लावली, उठला. लहान मूल दिव्याचं बटण खेळवतं तसं मी बराच वेळ केलं. आणि मग हळूहळू पोटात खड्डा पडला, कारण त्या तारेचा अर्थ कळायला लागला.

लूपमध्ये काहीच लावलेलं नसतं तेव्हा सिग्नल प्रीअ‍ॅम्पमधून पॉवर अ‍ॅम्पला जातो कुठून? मी समजत होतो, सरळ आतल्या आत जात असेल, त्या रिकाम्या भोकांशी त्याचा काय संबंध. संबंध आहे. माझ्या अ‍ॅम्पमध्ये, आणि असंख्य अ‍ॅम्पमध्ये, तो रिटर्नच्या रिकाम्या जॅकमधूनच जातो. जॅकच्या आत दोन पातळ पत्त्या एकमेकींना टेकून असतात. प्लग घातला की एक पत्ती उचलली जाते, आतला रस्ता तुटतो आणि सिग्नल बाहेरच्या वाटेने येतो. प्लग काढला की पत्ती परत टेकते, आतला रस्ता जोडला जातो. म्हणजे मी कधीही न वापरलेल्या त्या भोकातूनच माझा प्रत्येक सूर साडेतीन वर्षं जात होता. तिथे धूळ बसली, दमट हवेने पत्तीवर थर धरला, आणि तिथला दाब एवढासा की आपोआप घासून निघायला काही वाव नाही. जोरात तार हाणली की तेवढ्यापुरता सिग्नलचा व्होल्टेज वाढे आणि तो थर भेदून जाई. खर्र. माझ्या बुक्कीचं शास्त्रीय स्पष्टीकरण मिळाल्याचाही मला क्षणभर आनंद झाला, हे कबूल करतो.

आणि लेकीचं पेडल लावलेलं असताना ती पत्ती उचललेलीच असते. बिघडलेली जागा तेव्हा रस्त्यातच नसते. तिच्याकडे तो नीट वाजत होता, कारण ती लूप वापरत होती. माझ्याकडे बसत होता, कारण मी वापरत नव्हतो. तिने तीन आठवड्यांपूर्वीच सगळं निदान चार शब्दांत सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी अ‍ॅम्प रिक्षात घालून तपकीर गल्लीकडे, पुण्याच्या विजेच्या सामानाच्या बाजाराकडे, निघालो, वाटेत सदाशिव पेठेत आत्याकडे थांबलो. आत्या अठ्ठ्याहत्तरची. जिना चढून अ‍ॅम्प वर नेला, कारण रिक्षात सोडवेना. तिला वाटलं हार्मोनियम आणली. "नाही गं, गिटारचा भोंगा आहे," म्हटलं आणि उत्साहाच्या भरात तिच्या जुन्या भिंतीतल्या सॉकेटला लावला. त्या वाड्यात अर्थिंग नावाचा प्रकार नसावा, कारण अ‍ॅम्पने एक मोठी घुम्म अशी गुणगुण सुरू केली. मी घाईने बंद केला, व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प अर्थिंगशिवाय चालवू नये हे मलाही कळतं. पण तेवढ्यात आत्याने मान तिरकी केली. ती रोज संध्याकाळी पेटीवर भजनं म्हणते. "पांढरी पाच," ती म्हणाली. "किंचित चढी." घरी येऊन हिशेब मांडला. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, आणि पांढरी पाच, म्हणजे पाश्चात्त्य जी, खालच्या सप्तकात 49. किंचित चढी, अगदी बरोबर. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची, तिथली गुणगुण काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधे कुठेतरी लोंबकळते. आपली निदान एका सुराच्या आसपास तरी आहे.

तिला मी बिघाड सांगायला लागलो. पत्ती, प्लग, रिकामा जॅक. आत्या हसायलाच लागली. "मला काय शिकवतोस रे जॅक?" मला तेव्हा कुठे आठवलं की हिने बावीस वर्षं ट्रंक ऑपरेटर म्हणून, परगावचे फोन हाताने जोडून देत, काढली आहेत. मी तिला कायम भजनवाली आत्या म्हणूनच ओळखत आलो. तिने माझ्या हातातली केबल घेतली, प्लग बोटांत फिरवला. डाव्या हाताची दोन बोटं प्लगच्या मानेशी, अंगठा खाली, जशी एखादी बाई अंदाजाने मिठाची चिमूट धरते. "आमचा असाच. टोक जरा निराळं." तो तसाच असणार, कारण गिटारवाल्यांचा हा पाव इंची, 6.35 मिलिमीटरचा प्लग मुळात टेलिफोनच्या स्विचबोर्डसाठी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जन्मला. गिटारला विजेची तार जोडायची कुणाला सुचण्याच्या कितीतरी आधी ऑपरेटर बायका तो दिवसातून शेकडो वेळा आत-बाहेर करत होत्या.

ती सांगत सुटली. कानाला हेडसेट, समोर भोकांची भिंत, अर्जंट, ऑर्डिनरी, लाइटनिंग असे कॉल. एका बाजूला मुंबई, दुसऱ्या बाजूला सोलापूर, मधे ती. कुणाचं बाळंतपण, कुणाचं निधन, कुणाचा कांद्याचा भाव. "ऐकायचं नसतं, पण लाइन लागली की नाही हे बघायला थोडं ऐकावंच लागतं." ऑपरेटरशिवाय थेट परगावी फोन लावायची एसटीडी देशात 1960 साली कानपूर-लखनौपासून सुरू झाली, पण ती गावोगाव पोचेपर्यंत आत्याची निम्मी नोकरी झाली होती. रात्रपाळीला गर्दी कमी झाली की ती एक उद्योग करायची म्हणे. जे जॅक दिवसभरात कुणी वापरले नसतील, त्यांत उगाच दोन-चारदा प्लग घालायचा आणि काढायचा. "वापरातले कधी खरखरत नाहीत रे. न वापरलेला एखादा ऐन गर्दीत लावावा लागला की नेमका तोच खरखरतो." हे तिला कुणी शिकवलं? "शिकवायचं काय त्यात? पितळ आहे ते."

एक्स्चेंजमधल्या त्या तारांतून 48 व्होल्टच्या बॅटरीचा प्रवाहही वाहत असे, आणि असा थोडासा स्थिर प्रवाह असला की धातूवरचा पातळ थर भेदला जातो. माझ्या अ‍ॅम्पच्या लूपमधून नुसता आवाज जातो, तोही एका व्होल्टच्या आसपास. थराला तो पुरत नाही. पण हे मी आत्याला सांगितलं नाही. एव्हाना तिला माहिती पुरवायची माझी हौस बरीच कमी झाली होती.

तपकीर गल्लीच्या मागच्या बोळात एक मेकॅनिक आहेत, जिन्याखालच्या खोलीत, रोझिनच्या धुराच्या वासात. त्यांनी ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "लूप वापरत नाही ना कधी?" मी म्हटलं नाही. "तरीच." मागचं झाकण उघडलं, कपॅसिटर आधी रेझिस्टर लावून रिकामे केले. वायर भिंतीतून काढल्यावरही त्यांत चारशे-साडेचारशे व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात. तपासताना त्यांचा डावा हात पँटच्या खिशात. जुन्या रेडिओवाल्यांची ही सवय, एका हातातून दुसऱ्या हातात करंट छातीतून जाऊ नये म्हणून. मग भिंग माझ्या डोळ्याला लावून त्यांनी ती पत्ती दाखवली. टेकायच्या जागी तिळाएवढा काळा डाग. "कार्बन," ते म्हणाले. तो कार्बन नसतो, धातूचाच गंज असतो, पण आपल्याकडे विजेच्या कामात जे काही काळं दिसेल ते कार्बन. मी हळूच विचारलं, घरी सायकलच्या चेनचा स्प्रे मारला असता तर? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तो आधीच मारून बसलो आहे हे त्यांना कळलं. "तेल राहतं आत. त्यावर धूळ बसते." त्यांनी स्वच्छ कॉन्टॅक्ट क्लीनरने आधी माझं तेल काढलं, मग एका लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची पट्टी त्यात भिजवून पत्त्यांमधे धरली आणि ओढली. पॉलिश पेपर नाही, त्याने वरचा मुलामा जातो. कागदावर काळी रेघ उमटली, दुसऱ्यांदा फिकट, तिसऱ्यांदा काहीच नाही. मग प्लग वीसेक वेळा आत-बाहेर. तेच, आत्याचं. साठ रुपयांचा नवा जॅक एका पुडीत घालून दिला, "पुढच्या पावसाळ्यात लागला तर या," म्हणाले. व्हॉल्व्हवर मी किती घातले होते ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

राहिली लेक. तिची माफी मागायची होती. मी रीतसर तयारीने गेलो, आणि तिच्यासमोर बसून दहा मिनिटं तिला पत्तीचं कार्य समजावून सांगितलं. सेंड, रिटर्न, थर, दाब, आकृती काढून. माफीचे शब्द तोंडात यायचे तिथे दर वेळी एखादी तांत्रिक बाब येत होती. शेवटी तिनेच थांबवलं.

"म्हणजे मी बिघडवला नव्हता."

"नाही."

"हं," म्हणाली आणि हेडफोन लावले. त्या 'हं'मधे काय होतं ते मी अजून लावून बघतो आहे. तिच्या जागी मी असतो तर इतक्या कमीत सोडलं नसतं. माझ्या वडिलांनी माझ्यावर घेतलेला एक आळ मी अजून विसरलेलो नाही, तो तर साध्या टॉर्चचा होता.

आणखी एक गोष्ट तिला सांगायची राहिली होती, ती तिनेच शोधून काढली. शोधाशोधीत कधीतरी मी लूपच्या शेजारचा लहान स्विच उणे दहावरून अधिक चारवर सरकवला होता. तो सिग्नलची पातळी ठरवतो. एका बाजूला सुमारे 0.3 व्होल्ट, दुसऱ्या बाजूला सव्वा व्होल्टच्या जवळपास. स्टुडिओतली यंत्रं मोठी पातळी सोसतात, पायाखालचं पेडल घुसमटतं. पुढच्या शनिवारी तिचा प्रतिध्वनी फाटका येत होता. अख्खी प्रॅक्टिस वाया गेली, असं मला तिच्या ड्रमरकडून कळलं, तिच्याकडून नाही.

परवाच्या रविवारी स्कूटरच्या खोलीत अ‍ॅम्पची पाठ भिंतीकडे वळवताना पाहिलं, तर डिलेचं पेडल लूपमध्येच होतं. दर शनिवारी ती काढून नेते, या वेळी नेलं नव्हतं, ॲडॅप्टरसकट ठेवलं होतं. स्विच उणे दहावर, आणि त्यावर मास्किंग टेप आडवी चिकटवून बॉलपेनने लिहिलेलं: बाबा, हात लावू नकोस. बासवाला वाकून वाचून हसला. मी गिटार लावली, एक तार छेडली, आणि तोच सूर लहान होत होत चार वेळा परत आला. ड्रम्सवाला म्हणाला, "आता हे कसलं साधं वरण?" बंद कर म्हणाले दोघंही. वाकून पाहिलं, तर पेडलवर पाच बटणं होती, आणि त्यातलं बंद करायचं कोणतं हे मला माहीत नव्हतं. मग तसंच वाजवलं.